मझिवा म्हणजे दूध

मला परदेशी जायची परवानगी मिळाली ती एका अटीवर: अध्यक्षांच्या नजरेआड जायचं नाही. अट सासऱ्यांनी घातली, आणि ती मला नाही, अध्यक्षांना सांगितली. मांजरसुंब्याच्या फाट्यावर धाब्यासमोर आमची जीप उभी होती. सासऱ्यांनी अध्यक्षांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "अण्णा, सून तुमच्या पदरात टाकली. जशी न्हेताय तशी आणा."

"लेकीवानी सांभाळतो," अण्णा म्हणाले.

मी दोन पावलांवर उभी होते. माझ्याकडं दोघांपैकी कुणी पाहिलं नाही.

ते साल दुष्काळाचं होतं. आमचं गाव शिरूर कासारच्या बाजूला. निम्मं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेलं, आणि जे मागं राहिले त्यांची जनावरं चारा छावणीत बांधलेली. मी गावातल्या बायकांच्या दूधसंस्थेची सचिव होते. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचं, तपासायचं, कॅन गाडीवर चढवायचे, हे माझं काम. पाणी आटलं तशा गाई आटल्या. कधीकाळी कॅनची रांग लागायची तिथं एक कॅन भरायची मारामार झाली.

अशा दिवसांत बाहेरच्या एका मदतसंस्थेनं ठरवलं, की दुष्काळी भागातल्या सहकारी संस्थांची पाच माणसं आफ्रिकेत पाठवायची. टांझानियात एम्बेया नावाचं शहर आहे. चारी बाजूंनी डोंगर आणि मधे शहर. तिथं मुक्काम करायचा आणि तिथून वरच्या पठारांवर, डोंगरगावांमध्ये जाऊन बघायचं, की एकेक गाय असलेले शेतकरी मिळून दूधसंस्था कशी चालवतात. अण्णा तालुक्याच्या दूधसंघाचे अध्यक्ष, त्यांच्याबरोबर तीन संचालक, आणि मी. पाचात एक बाई असलीच पाहिजे असा त्या लोकांचा नियम होता. मला नंतर कळलं की अण्णांनी बैठकीत विचारलं होतं, "कमी बोलणारी कोन हाय?" आणि कुणीतरी माझं नाव घेतलं.

मी मात्र तयारी मन लावून केली. एक नवी दोनशे पानी वही घेतली. संस्थेतला लॅक्टोमीटर टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवला. दुधात सोडायची ती काचेची नळी. दूध कसदार असलं की वर तरंगते, पाणी घातलेलं असलं की खाली जाते. तिकडच्या गाईचं दूध आपल्या डोळ्यांनी तपासायचं, असं माझ्या मनात होतं.

एम्बेयाला पोचलो तेव्हा तिथं पावसाळ्याचे शेवटचे आठवडे चालू होते. थंडी अशी की अण्णांनी मफलर कानांवरून सोडलाच नाही. आमच्याकडं बालाघाटाचे डोंगर आहेत, पण ते एका अंगाला असतात. पाठ केली की माळ मोकळा. इथं पाठ कुठं करायची तेच कळेना. जिकडं तोंड करावं तिकडं डोंगर, त्यांच्या डोक्यावर ढग, आणि सगळं हिरवं. मला त्या हिरव्याकडं बघवत नव्हतं. घरी आम्ही टँकरच्या मागं कळशा घेऊन धावणारी माणसं सोडून आलो होतो.

उतरलो ते एका मिशनच्या पाहुणेघरात. बैठी इमारत, मागं स्वयंपाकघर, पुढं निलगिरीची झाडं आणि लोखंडी फाटक. आमच्याबरोबर दुभाषी म्हणून तिथलेच एक गृहस्थ होते. तरुणपणी पुण्यात शेतकी शिकलेले, हिंदी छान बोलायचे. पहिल्या संध्याकाळी स्वागताचं जेवण झालं आणि पहाटेपासून अण्णांचं पोट बिघडलं. डॉक्टर आले. दुभाष्यांनी सांगितलं, "घबराने की बात नहीं. दो दिन आराम."

सकाळी डोंगरात जायची गाडी दारात उभी राहिली. मी साडी वर खोचून, वही बगलेत घेऊन, सगळ्यांच्या आधी तयार होते. आतून अण्णांचा आवाज आला.

"सूनबाई, तुमी थांबा."

संस्थेच्या कामात ते मला कधी 'सचिव' म्हणाले नाहीत. सासऱ्यांचे मित्र, म्हणून मी सूनबाई.

मी दारात गेले. "अण्णा, आज पठारावरची मोठी संस्था बघायची आहे. थंड दुधाची टाकी आहे म्हणतात तिथं."

"ते तिघं बघतीलच की. मला इथं मऊ भात कोन घालंल? या लोकांच्या हातचं आता नरड्याखाली उतरायचं न्हाई."

मागून एक संचालक म्हणाले, "आजाऱ्याचं बाईमानसाबगर कसं व्हईल? उद्या सांजच्याला आमी वापस. मंग दुसऱ्या फेरीला तुमी चला."

मी वही घेऊन उभीच राहिले. दुभाष्यांना काय झालं ते समजलं असावं. गाडीत बसता बसता ते ओशाळून म्हणाले, "अगली बार आप भी चलेंगी." गाडी गेली. फाटकावरच्या म्हाताऱ्या राखणदारानं कडी लावली.

त्या दुपारी पाऊस लागला तो लागलाच. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की पठारावरचा कच्चा रस्ता वाहून गेला आहे, गाडी चिखलात रुतली आहे, माणसं सुखरूप एका शाळेत मुक्कामाला आहेत. तीन-चार दिवस तरी लागतील.

ते दिवस मला आजही एकेक करून आठवतात, कारण ते सगळे सारखे होते. माझ्या आणि अण्णांच्या खोलीत एकच भिंत. अण्णांच्या बोटात मोठी अंगठी होती. ती भिंतीवर वाजायची, टक टक. गरम पाणी. टक टक. भात. टक टक. खिडकी लावा. मी पाणी द्यायची, भात द्यायची, खिडकी लावायची आणि माझ्या खोलीत येऊन बसायची. बसलं की समोर डोंगर. मला वाटायचं, आपण एवढा समुद्र ओलांडून आलो ते अण्णांच्या उशाशी बसायला.

माझा पासपोर्ट अण्णांच्या कमरेच्या पिशवीत होता; पाचही जणांचे त्यांनी विमानतळावरच गोळा करून घेतले होते. माझ्या फोनला तिथलं कार्ड नव्हतं. घरचा फोन यायचा तो अण्णांच्या फोनवर. माझा नवरा बोलायचा तेव्हा अण्णा उशीला टेकून माझ्याकडं बघत असायचे. "काय काय बघितलं?" नवऱ्यानं विचारलं. मी म्हणाले, "डोंगर." पलीकडून तो म्हणाला, "मजा हाय तुझी." मी हो म्हटलं.

फाटकापर्यंत जायची मला मुभा होती. तिथं उभी राहिले की सकाळी सकाळी मोटारसायकली जाताना दिसायच्या, मागं दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन बांधलेले. अॅल्युमिनियमचे, आमच्या कॅनसारखेच, पोचे आलेले. मी ते मोजायची. ते कुठून येतात, किती वेळात येतात, वाटेत दूध नासत कसं नाही, असे प्रश्न मी वहीत लिहिले. पहिली तीन पानं नुसत्या प्रश्नांची भरली. उत्तर विचारायला कुणी नव्हतं.

स्वयंपाकघरातली बाई तेवढी होती. माझ्याच वयाची, उंच, डोक्याला फडकं बांधलेली. पहिल्या दिवशी मी चुलीशी गेले तशी ती हसून म्हणाली, "करिबू, मामा." आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. लग्नापासून इतकी वर्षं मामा हा शब्द कानावर पडला की हात आपोआप पदराकडं जातो. तसाच गेला. मी डोक्यावर पदर घेऊन मागं वळून बघितलं, तर मागं कुणीच नव्हतं. मग कळलं की करिबू म्हणजे या, आणि तिथं बाईमाणसाला मानानं मामा म्हणतात. मीही तिला मामा म्हणू लागले. एकदा म्हणून झालं की मजा वाटायची.

तिची भाषा मला येत नव्हती, पण काही शब्द ओळखीचे निघाले. आमच्या गल्लीत सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. तिथल्या घरातली माणसं उर्दू बोलायची आणि आमच्या घरातही निजामाच्या काळापासूनचे कितीतरी तसले शब्द रुळलेले. या बाईच्या बोलण्यात खबरीला हबारी होतं, दुकानाला दुका, साबणाला साबुनी, दव्याला दावा, गाडीला गारी. चपातीला तर चपातीच. रोज चार-पाच शब्द जमायचे.

आमचं पहिलं भांडणही तिथंच झालं. तिनं दूध तापवायला ठेवलं होतं. मला राहवेना. मी लॅक्टोमीटर आणून एका उंच भांड्यात दूध घेतलं आणि सोडला. तिनं ते बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. ती काहीतरी जोरानं बोलली, भांडं माझ्या हातातून घेतलं. ती नळी काय करते हे तिला पक्कं ठाऊक होतं; मी तिच्या दुधात पाणी शोधते आहे असं तिला वाटलं. मी नळी वर काढली, खुणेवर बोट ठेवलं. तिसाच्या वर, म्हणजे दूध चोख. मग वेगळ्या वाटीत त्याच दुधात थोडं पाणी घालून दाखवलं, नळी खाली गेली. ते दूध ओतून दिलं आणि तिच्या दुधाकडं बोट करून दोन्ही हात जोडले. ती माझ्याकडं बघत राहिली. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "मझिवा," आणि पुढं, "ङोम्बे." डोक्याला दोन बोटांची शिंगं केली. गाय तिची होती. दूधही तिच्याच घरचं होतं.

मझिवा म्हणजे दूध. हा शब्द मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिला.

अण्णांना आता जुलाब नव्हते, ताप नव्हता. मी मक्याच्या पांढऱ्या पिठाची भाकरी केली. ती तव्यावर मोडायची, पण त्यांनी ती ठेच्याबरोबर चवीनं खाल्ली. तरी ते खाटेवरून उठेनात. तिसऱ्या दुपारी त्यांनी मला बसायला सांगितलं.

"सूनबाई, खोटं सांगत न्हाई. मी आजवर खोलीत एकटा कधी ऱ्हायलो न्हाई. घरात मानसं, हापिसात मानसं, गाडीत बी चार जन. इथं भितीकडं बघून जीव घाबरा व्हतो. मला इथंच काय झालं तर?"

एवढा मोठा माणूस. तालुक्याला उभा राहिला की लोक खुर्च्या सोडायचे. त्यांनी टॉवेलानं डोळे पुसले. मला त्यांची दया आली, आणि ती आली म्हणून मला माझाच राग आला. त्यांनी रागावून बांधलं असतं तर मी कधीच सुटले असते.

त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकवालीला म्हणाले, "मझिवा." डोळ्यांना बोट लावलं, डोंगराकडं दाखवलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मला दूध बघायचं आहे, तिकडं, वर. तिला आनंद झाला. "मझिवा!" ती म्हणाली, आणि हातानं मोठं गोल केलं. मी समजले, मोठा हौद, दुधाची टाकी. मी मान डोलावली. "केशो," ती म्हणाली. केशो म्हणजे उद्या, एवढं मला आलेलं होतं. उद्या तिची सुट्टी होती.

सकाळी अण्णांना चहा देऊन मी सांगितलं, "अण्णा, आज मी बाहेर जाते. या बाईच्या गावाला. सांजपर्यंत येते. भात करून ठेवलाय."

"कावून?"

"दूधसंस्था बघायला. त्यासाठीच आलोय आपण."

"ती तिघं गेलीत की."

"ते शाळेत बसलेत. काय बघत असतील?"

अण्णा उठून बसले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच इतक्या पटकन. "मी तुमच्या सासऱ्याला सबुद दिलाय. माझ्या नजरंआड तुमी जायचं न्हाई. अनोळखी मुलूख, अनोळखी मानसं. आन पासपोर्ट माझ्याजवळ हाय."

"असू द्या की. मला डोंगरावर जायचंय, दुसऱ्या देशात न्हाई."

हे मीच बोलले का, असं मला वाटलं. अण्णांनाही वाटलं असावं. त्यांनी अंगठीचा हात वर केला आणि तो तसाच हवेत राहिला; वाजवायची कुणासाठी, मी तर समोरच उभी. "आन मला काय झालं तर?" ते हळू म्हणाले.

"राखणदार दारात बसतो म्हणालाय. तुमची तब्येत आता चांगली आहे, अण्णा."

मी वळले. फाटकाची कडी मी माझ्या हातानं उघडली.

स्वयंपाकवालीनं माझ्यासाठी गमबूट आणले होते. साडी गुडघ्यापर्यंत खोचून, पायात गमबूट, वर स्वेटर. आम्ही एका कोंबलेल्या टेम्पोत बसलो. आमच्याकडच्या वडापसारखाच, फक्त कुणी माझ्या मांडीवर कोबीची गोणी ठेवली. तासाभरानं उतरलो. तिथून चालायचं होतं. आधी बटाट्याची रानं, मग केळी, मग दाट जंगल. वाट चढू लागली. झाडांवर शेवाळ लोंबत होतं, पायाखाली चिखल. शेवटच्या टप्प्यात मुळांना धरून वर चढावं लागलं. मी मनात म्हणत होते, या वाटेनं रोज कॅन कसे खाली नेत असतील? इतक्या वर दुधाची टाकी बांधली तरी कुणी?

मग झाडं संपली आणि आम्ही एका कड्यावर उभ्या राहिलो. खाली पाणी होतं.

डोंगराचं तोंड उघडं आणि आत तळं. केवढं ते मला सांगता येणार नाही. आमच्या तालुक्यातले सगळे तलाव भरले असते तरी त्याच्या एका कोपऱ्यात मावले असते, असं मला तेव्हा वाटलं. सगळीकडून सरळ तुटलेले कडे, त्यांवर झाडी, आणि तळाशी गडद हिरवं पाणी. वाऱ्याचाही आवाज नव्हता. खाली उतरायला वाट दिसेना आणि पाण्याला बाहेर जायलाही दिसेना.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. घरून निघाले त्या दिवशी सासूबाई टँकरखाली सांडलेलं पाणी वाटीनं भरून घेत होत्या, तेच समोर आलं. मी तिथंच चिखलात बसले आणि मोठ्यानं रडले. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर पडलं. स्वयंपाकवाली शेजारी बसली, माझ्या पाठीवर हात ठेवून "पोले, पोले" म्हणत राहिली, आपण उगी उगी म्हणतो तसं. माझं रडं ओसरल्यावर तिनं खाली बोट दाखवलं आणि जरा काळजीनं म्हणाली, "झिवा." एक तळं. मग डोंगरांच्या पलीकडं हात फिरवून, "मझिवा." पुष्कळ तळी.

मी तिच्याकडं बघितलं. "मझिवा?" म्हणाले, आणि दोन्ही हातांनी धार काढायची खूण केली.

मग तिनं कपाळावर हात मारला आणि हसत सुटली. तिच्या भाषेत दूध आणि तळी, दोन्हींना एकच शब्द. मी दूध मागत होते, तिनं मला तळं दाखवलं. पाहुणे इथं तळंच बघायला येतात, तिला दुसरं काय वाटणार? आम्ही दोघी त्या कड्यावर बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

उतरताना ती मला तिच्या घरी घेऊन गेली. दोन खोल्या, मागं गोठा, गोठ्यात एकच गाय. फळ्या टाकलेली कोरडी जमीन, पुढं कापलेलं उंच गवत, केळीच्या खांबाचे तुकडे. गाय चरायला सोडायची पद्धतच नव्हती. गवत बांधावर लावायचं, कापून आणून घालायचं. कोपऱ्यात एक कालवड बांधली होती. मी तिच्याकडं बोट केलं. स्वयंपाकवालीनं मान हलवली, ती आपली नव्हे असं सांगत. गाईच्या पोटाला हात लावला, कालवडीला लावला आणि समोरच्या टेकडीवरच्या एका घराकडं दाखवलं. मला समजायला वेळ लागला. तिलाही गाय अशीच मिळाली होती. संस्था गाय देते, आणि पहिली कालवड झाली की ती वाढवून दुसऱ्या बाईला द्यायची. मग त्या बाईनं तिसरीला.

चार वाजता धार काढून आम्ही दूध घालायला गेलो. पत्र्याची शेड, भिंतीला फळा, ओळीनं उभ्या बाया. दूध मोजणारीही बाईच, डोक्याला लोकरीची टोपी. मी पिशवीतून लॅक्टोमीटर काढला तशी तिनं आपला काढून दाखवला. दोन्ही एकाच दुधात सोडले. दोन्ही सारखेच उभे राहिले आणि सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. दूध न नासण्याचं उत्तरही मिळालं: शेडमागून डोंगरातला थंड झरा वळवलेला, त्याच्या टाकीत कॅन गळ्यापर्यंत बुडवून ठेवलेले. मी उभ्या उभ्या वही भरली. गोठ्याचं चित्र, गवताचे वाफे, झऱ्याची टाकी, कालवडीचा फेरा. कुणीही मला भात मागितला नाही.

परतले तेव्हा दिवस मावळत होता. अण्णा फाटकात उभे होते, मफलर, काठी, पायांत मोजे. राखणदारानं खुणेनं सांगितलं की दुपारपासून उभेच आहेत. माझे गमबूट, चिखलानं भरलेली साडी, सगळं त्यांनी बघितलं.

"भात खाल्ला का?" मी विचारलं.

"खाल्ला." ते आत वळले. थोड्या वेळानं भिंत वाजली नाही. ते स्वतः माझ्या दारात आले. "काय बघितलं?"

मी वही दिली. खुर्चीवर बसून ते पानं उलटत राहिले. कालवडीच्या पानावर थांबले. "ही पहिली कालवड दुसऱ्याच्या घरी... ही लई भारी गोष्ट हाय." मग वही मिटून म्हणाले, "सूनबाई, एक ध्यानात ठेवा. तुमी कुठं गेल्या न्हवत्या. माझ्यापाशीच व्हत्या. मी बी कुठं बोलनार न्हाई. तुमच्या घरात राडा नको आन माझा सबुद जायला नको."

त्यांनी ते माझ्या भल्यासाठीच म्हटलं होतं. मी मान डोलावली. वही त्यांच्याच हातात राहिली.

दोन दिवसांनी ते तिघं संचालक आले, चिखलानं माखलेले, सर्दीनं फणफणलेले. मोठी संस्था त्यांनी पाहिलीच नव्हती. उरलेल्या एका दिवसात दुसरी फेरी काही झाली नाही. निघताना मी स्वयंपाकवालीला लॅक्टोमीटर देऊ केला. तिनं घेतला नाही, तिच्या संस्थेत होता म्हणून. तिनं मला उकडलेल्या केळ्यांची पुरचुंडी दिली आणि आम्ही एकमेकींना मामा म्हणून निरोप घेतला.

परतल्यावर तालुक्याला सभा झाली. मी बायकांच्या रांगेत बसले होते. अण्णा माइकवर बोलले, आणि मला माझीच वाक्यं ऐकू येऊ लागली. फळ्यांचा गोठा, बांधावरचं गवत, झऱ्याच्या टाकीतले कॅन. "आमी तिथं डोंगर चढून गेलतो," अण्णा म्हणाले, "आन तिथल्या बायाबापड्यांनी आमाला पहिल्या कालवडीची गोष्ट सांगितली." टाळ्या पडल्या. शेवटी त्यांनी माझं नाव घेतलं. मी परदेशात त्यांची लेकीसारखी शुश्रूषा केली, एक दिवस उशापासून हलले नाही, अशी सून घरोघर मिळो. मला शाल-नारळ मिळाला. सासऱ्यांचे डोळे भरून आले. मी शाल अंगावर घेऊन उभी होते आणि खोटं आहे म्हणायला मला तोंड नव्हतं. खरं बोलले तर मीच नजरेआड गेलेली ठरत होते.

पुढं पाऊस झाला. पहिल्या कालवडीची योजना संघानं खरोखर सुरू केली, चार-पाच गावांत ती चांगली चालली. आमच्या गावात पहिली कालवड एका ऊसतोडीवरून परतलेल्या बाईला मिळाली. वाटपाच्या फोटोत अण्णांच्या हातात दावं आहे आणि मी कडेला उभी आहे. त्या बाईच्या घरी पुढं तीन गाई झाल्या. त्याचं मला बरं वाटतं, आणि ते फोटो बघितले की घशाशीही येतं. दोन्ही खरं आहे. पुढच्या दौऱ्याच्या यादीत माझं नाव नव्हतं. तिला घरचं सोडून जायला आवडत नाही, असं बैठकीत कुणीतरी म्हणालं.

तळ्याबद्दल मी एकाच माणसाला सांगितलं, आणि ते पाऊस पडण्याच्या आधी, छावणीत. दुपारची वेळ, सासूबाई आणि मी जाळीच्या सावलीत गुरांजवळ बसलो होतो. त्यांच्या पायाला भेगा पडल्या होत्या, मी तेल लावत होते. कसं निघालं कोण जाणे, मी सगळंच सांगितलं. अण्णांची भिंत, गमबूट, कडा, पाणी. त्या ऐकत राहिल्या.

"उतरायला वाट न्हवती?" त्यांनी विचारलं.

"न्हवती."

"मंग तिथली गुरं पानी कुठं पेतात?"

"खाली झरे आहेत. पाऊस लई पडतो तिथं."

त्यांनी दुसरा पाय पुढं केला. मग म्हणाल्या, "अण्णानी तुला जा म्हनलं व्हय?"

"न्हाई. मीच गेले."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. रागावल्या का, ते मला त्यांच्या तोंडावरून ओळखता आलं नाही. चाऱ्याचा ट्रक आला, माणसं धावली. त्या कमरेवर हात ठेवून उठल्या, आणि पेंढ्यांच्या रांगेत माझ्या पुढं उभ्या राहून, मागं न बघता, म्हणाल्या, "किती खोल आसंल गं ते?"